हाक पोचेल असा मजला

माझा धंदा मजले विकण्याचा. लोक मला दलाल म्हणतात, मी स्वतःला एजंट म्हणवतो, आणि आमच्या आईच्या मते मी दिवसभर जिने चढतो-उतरतो, बाकी काही नाही. नेरळ स्टेशनापासून पोशीरच्या रस्त्यापर्यंत गेल्या काही वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा जिन्यांवर माझ्या चपला झिजल्यात. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं, की ते कुठल्या मजल्यावर थांबणार हे मी त्याच्या चालण्यावरून सांगतो.

डोंबिवली-कल्याणकडची तरुण जोडपी थेट वर जातात, कारण वरच्या गॅलरीतून माथेरान दिसतं. पावसाळ्यात वरचं छत गळतं, माकडं येऊन दोरीवरचे कपडे पळवतात, हे मी त्यांना सांगतो. पण डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला मागून काही ऐकू येत नाही. गुडघे दुखणारे आईवडील सोबत असले तर दुसरा किंवा तिसरा. पहिला मजला मात्र कोणालाच नको असतो. मच्छर, गाड्यांचा धूर, पंपाची घरघर, आणि स्वयंपाकघरात काय शिजतंय ते रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही वासावरून कळतं. पहिला मजला शेवटी उरतो आणि कुरकुरत विकला जातो.

एवढ्या वर्षांत पहिला मजला भांडून घेणारं एकच माणूस मला भेटलं, ते म्हणजे आमची गौराकाकी.

गौराकाकी ही आमच्या गावातल्या गजाकाकाची बायको. मुलगा दत्ता शाळेत होता तेव्हाच काका गेला आणि भाताची शेती काकीवर आली. बाई बुटकी, आवाज मात्र असा की ती बांधावरून ओरडली की पलीकडच्या गावातले बैल थांबायचे. मिश्री लावता लावता ती रस्त्यावरच्या प्रत्येकाचा समाचार घ्यायची. कॉलेजात असताना मी केसांना जेल लावून निघालो, तर भर रस्त्यात तिनं विचारलं, "विपुल, म्हस चाटून गेली का रं?" तेव्हापासून मी केस साधे ठेवतो. तिच्याशी न भांडलेलं माणूस आमच्या गावात नाही, आणि तिच्याकडे चहा न प्यालेलंही नाही.

तिचं घर गावाबाहेर, रस्त्याच्या वळणावर होतं. जमीन उताराची, त्यामुळे मागच्या अंगाला उंबरा जमिनीला टेकलेला आणि रस्त्याच्या अंगाला जोतं चांगलं उंच, उभ्या बाईच्या खांद्याला लागेल एवढं. त्या जोत्यावर शेणानं सारवलेली ओटी. आम्हा मुलांना ती ओटी पत्ते कुटायला उपयोगी. डोंगरातल्या ठाकरवाडीवरून खाली बाजाराला येणाऱ्या बायकांना ती कशासाठी उपयोगी आहे, हे मला मोठं झाल्यावर कळलं.

डोक्यावर मोळी घेतलेल्या माणसाला ती एकट्याला उतरवता येत नाही. टाकून देता येते, पण टाकली की परत उचलणार कोण? लाकडं असली तर एक वेळ चालेल, पण पाटीत करवंदं असली, शेवळांसारखी रानभाजी असली, तर टाकली की माल गेला. म्हणून आमच्याकडे डोक्यावर भार असलेली बाई वाटेत दिसेल त्याला एवढंच म्हणते, "हात लाव गं," किंवा "हात लाव रं." ज्याला म्हटलं तो मग कोणी का असेना, सायकल बाजूला ठेवून हात लावतो. भार उतरवायलाही लावतो आणि परत चढवायलाही लावतो. नाही म्हणायची पद्धत नाही.

काकीच्या ओटीची उंची अशी होती, की बाईनं पाठ करून उभं राहायचं, मान जरा मागं घ्यायची, की मोळी ओटीवर टेकायची आणि बाई खालून मोकळी व्हायची. निघताना तसंच उलट. कोणाचा हात मिळाला नाही तरी अडायचं नाही. वाडीपासून नेरळच्या बाजारापर्यंत अशी टेकायची जागा एवढी एकच. म्हणून सगळ्या बायका तिथं थांबायच्या, पाणी प्यायच्या, तंबाखूची चिमूट घ्यायच्या आणि काकीच्या शिव्या खायच्या.

त्या सगळ्यांत भागी काकीची खास. काकीच्याच वयाची, काटक, बोलायला कमी. दोघींची ओळख काकी नवी सून असतानाची. दत्ताच्या वेळी काकीचे दिवस भरत आले होते आणि तरी ती भाताचा भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडं निघाली होती. बांधावर मध्येच कळ आली. आजूबाजूला कोणी नाही, भारा उतरवता येईना, टाकावा तर वर्षाचं पीक चिखलात जाणार, आणि सासू कशी होती ते सगळ्या गावाला माहीत होतं. तेवढ्यात वाडीवरून एक पोरगी उतरत होती. तिनं न विचारता हात लावला, भारा बांधावर ठेवला, आणि काकीला घरापर्यंत धरून आणलं. ती भागी. "ही आली नसती तर माझा दत्ता चिखलात जन्मला असता," असं काकी सांगायची. दत्ता मोठा होऊन खोपोलीच्या कारखान्यात लागला तरी त्याच्यासमोर सांगायची. तो बिचारा उठून आत जायचा.

तेव्हापासून भागी खाली आली आणि काकीच्या ओटीवर टेकली नाही असं झालं नाही. उन्हाळ्यात मोळी, मग करवंदं-जांभळं, पावसात शेवळं, भारंगी, करटुली, दसऱ्याला झेंडू आणि भाताच्या लोंब्या. काकी तिच्याकडून भाजी घेताना भावावरून एवढी घासाघीस करायची की बघणाऱ्याला वाटावं, आता दोघी कायमच्या तुटल्या. मग तीच काकी त्याच पाटीत दोन ओंजळी तांदूळ टाकायची.

मग ती जागा बिल्डरकडं गेली. दत्तानं आणि त्याच्या बायकोनं, हर्षलानं, पुष्कळ विचार करून ठरवलं होतं. घराच्या भिंती फुगल्या होत्या, दुरुस्तीला हात घातला की दुसरीकडून माती पडायची. काकीचाही नकार नव्हता. ती रडारड करणारी बाईच नव्हे. "मातीचं हाय, मातीत जाईल," म्हणाली आणि जमीन तिच्या नावावर होती म्हणून बोलणीही तीच करायला बसली. मनोजशेठ बिल्डर तिला आई म्हणायचा. खाली गाड्या, वर सात मजले, जागेच्या बदल्यात दोन फ्लॅट, आणि ते कुठले घ्यायचे हे सगळ्यात आधी काकीनं सांगायचं, असं ठरलं. मध्ये मी होतो, म्हणून मला हे सगळं माहीत.

दत्ता-हर्षलाचं पक्कं होतं. दोन्ही फ्लॅट सातव्यावर घ्यायचे, मधली भिंत काढायची आणि एक मोठं घर करायचं. मनोजशेठही म्हणाला, "जागेची मालकीण सगळ्यात वर पाहिजे." आमच्याकडं वर असण्याला मान असतो, देव्हाऱ्यापासून स्टेजपर्यंत. काकी काही बोलली नाही, आणि काकी बोलत नाही म्हणजे तिला पसंत आहे, असं समजायची चूक घरच्यांनी केली.

घर पाडलं, पाया भरला, काम वर चढायला लागलं. काकी तेवढ्यापुरती नेरळात भाड्याच्या खोलीत राहायची, पण रोज सकाळी येऊन वळणावरच्या उंबराच्या झाडाखाली बसायची आणि गवंड्यांना नावं ठेवायची. भागी त्या दिवसांत खाली येत नव्हती. ती तापानं पडली होती आणि मग लेकीकडं गेली होती. घर पाडलंय हे तिनं ऐकलं होतं, बघितलं नव्हतं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ती मोळी घेऊन उतरली. डोक्यावर मोळी असली की मान हलत नाही. समोरचं दिसत नाही, फक्त पायाखालची वाट दिसते, आणि ती वाट भागीच्या पायांना पाठ होती. उंबरापाशी आली, सवयीनं वळली, पाठ केली, मान मागं घेतली आणि मोळी टेकवली. मोळी टेकली मनोजशेठच्या नव्या गाडीच्या टपावर. ओटी होती बरोबर त्याच जागी तो गाडी लावायचा.

लाकडांनी टपावर चांगले ओरखडे काढले. मनोजशेठची माणसं धावली, एकानं मोळी ओढून खाली लोटली, दुसरा फडकं घेऊन गाडी पुसायला लागला, तिसरा भागीवर ओरडायला लागला. भागी हात जोडून उभी. ती गाडीकडं बघतच नव्हती. ओटी होती त्या मोकळ्या हवेकडं बघत होती. मग ती मोळी उचलायला वाकली आणि सवयीनं म्हणाली, "हात लाव रं कोनी." एवढी माणसं उभी, पण कोणी हात लावला नाही. त्यातली बरीच बाहेरची होती, त्यांना ती पद्धत माहीतच नव्हती.

काकी उंबराखालून उठली. सगळ्यांना वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडणार. पण तिनं पदर खोचला, मोळीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला आणि भागीच्या डोक्यावर चढवली. भागी गेली. काकी परत येऊन बसली आणि तिचा चेहरा असा झाला होता की मी हातातला चहा तिला द्यायला विसरलो.

मग ती म्हणाली, "विपुल, तू मजले विकतो ना रं?"

"हो काकी."

"मग सांग. कुठल्या मजल्यावरून खालच्या मानसाला हात लावता येतो?"

मला सूर्यप्रकाश, वारा, पाण्याचा दाब, पार्किंग, सगळ्याची उत्तरं पाठ होती. हा प्रश्न मी वळवला. मी म्हटलं, "काकी, भागी आता दुसऱ्या रस्त्यानं जाईल. नाहीतरी गॅस आलाय, मोळ्या घेतंय कोण?"

"मोळी नाय तर पाटी आनील. पाटी नाय तर रिकामी येईल. कुठं टेकंल?" काकी म्हणाली. "मी वर बसनार, ही खाली गेटवर उभी ऱ्हानार, वॉचमन हाकलनार. म्हंजे झालं, संपलं. इतक्या वर्षांचं संपलं."

तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा मी बारीक झालेला ऐकला. घर पाडताना ती अशी झाली नव्हती.

फ्लॅट पक्के करायचा दिवस आला तेव्हा सातही मजल्यांचे स्लॅब झाले होते, भिंती होत होत्या, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. दत्ता, हर्षला, मनोजशेठ आणि मी, सगळे धापा टाकत सातव्यावर पोचलो. काकी आमच्या आधी पोचली होती. हर्षलानं कुठं देव्हारा, कुठं फ्रिज ते दाखवायला सुरुवात केली. मनोजशेठनं डोंगराकडं हात केला. हवा स्वच्छ होती, माथेरानचा अख्खा कडा समोर होता. हर्षलाला तो बघून खरंच आनंद झाला होता, आणि तो मी समजू शकतो. लहान खोलीत वाढलेली मुलगी ती.

काकी कड्याकडं बघत नव्हती. ती कठड्यापाशी जाऊन खाली बघत होती. खाली रस्त्यावर भागी उभी होती, डोक्यावर मोळी घेऊन. काकीनंच तिला बोलावलं होतं.

"हाक मार गं," काकीनं वरून हात हलवला. भागीनं हाक मारली असावी, तिचं तोंड हललेलं दिसलं. पण काँक्रीटच्या मिक्सरपुढं काही ऐकू आलं नाही. तरी काकी निघाली. आम्ही कठड्यावरून बघत राहिलो. काकी जिन्यांनी उतरून गेटपाशी पोचेपर्यंत भागीनं एका मजुराला धरून मोळी उतरवून घेतली होती आणि ती तिच्यावर बसली होती.

"ह्यो नको," काकी खालून ओरडली. ते मात्र आम्हाला सातव्यावर स्वच्छ ऐकू आलं.

मग तिनं चौथ्यावरून करून बघितलं. हाक ऐकू आली, पण काकी पोचेपर्यंत भागीची मान कलली आणि मोळी धाडकन रस्त्यावर. भागी चिडली. कमी बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोलली. "गौरे, घर तू घेतेस का माझी मान मोडतेस?" मजूर काम टाकून बघायला लागले. मनोजशेठ घड्याळ बघत होता. दत्ता लाजेनं लाल झाला होता.

शेवटी पहिला मजला. गेटच्या बरोबर वर, पंपाच्या खोलीशेजारचा, गटाराच्या बाजूचा. या इमारतीतला हा फ्लॅट सगळ्यात शेवटी जाणार, हे मी नकाशा बघतानाच ओळखलं होतं. भागीनं हाक मारली, ती शेजारच्या खोलीतून मारल्यासारखी आत आली. काकी गेली आणि भागी मान वळवते न वळवते तोच तिनं मोळीला हात लावला.

"ह्यो," काकी म्हणाली.

दत्ताचा तोल सुटला. सगळ्यांसमोर तो आईला म्हणाला, "लोकं काय म्हनतील? जागा आपली, आन आपली म्हातारी गटारावर, आन कल्यानची लोकं वर. आईला वेगळं काढलं म्हनतील मला."

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या गावात असं म्हटलं असतंच, आणि त्यातले निम्मे लोक माझ्याच घरात बसून म्हणाले असते. काकी त्याच्याजवळ गेली. "तुमी वर ऱ्हावा रं," ती म्हणाली. "हौसेनं ऱ्हावा. एक तुमचा, एक माझा. माझा जीव वर लागायचा नाय. डोंगर काय बघायचा? डोंगरातली मानसं माझ्या दारात येत्यात."

हर्षला रडली. तिला वाटलं, सासूला तिच्याजवळ राहायचं नाही. काकीनं तिला समजावलं नाही. समजावणं हा तिच्या स्वभावातला भागच नव्हता, आणि तो दोष मी लपवत नाही. पण सही करायच्या आधी तिनं आणखी एक अट घातली. गेटशेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर मनोजशेठ लोखंडी टोकं बसवणार होता. ती नकोत. तिथं वर सपाट कट्टा हवा, पाटी मावेल एवढा रुंद. उंची किती? तिनं भागीला भिंतीला पाठ लावून उभी केली आणि गवंड्याला सांगितलं, "हिच्या खांद्याला खूण कर."

मनोजशेठनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. गवंड्यानं विटेच्या तुकड्यानं भागीच्या खांद्याशी रेघ मारली. भागी तोवर अवघडून उभी, फोटो काढायला उभं केल्यासारखी. कट्ट्यावर पुढं कडाप्पा बसवला.

इमारत भरली. लोक आले, सोसायटी झाली, आणि व्हायचं ते झालं. गेटवर पाट्या घेऊन बायका बसतात, इमारतीची शोभा जाते, अशी तक्रार आली. वॉचमननं दोनदा हाकलून बघितलं. तिसऱ्यांदा काकी खिडकीतून जे बोलली, ते मला इथं लिहिता येणार नाही. वॉचमन तेव्हापासून स्वतः हात लावायला लागला. हळूहळू सोसायटीतल्या बायकाच बाजारातून येताना पिशव्या त्या कट्ट्यावर ठेवून दम खायला लागल्या. तक्रार करणारे गृहस्थ सकाळी तिथं पेपर पसरून वाचतात, ते मी स्वतः बघितलंय.

भागी मात्र वर कधी गेली नाही. काकीनं किती बोलावलं. गुळगुळीत फरशी, चकचकीत जिना, आपले धुळीचे पाय. "आमी खालीच बऱ्या," म्हणायची. ती गेटपाशी यायची, हाक मारायची, "हात लाव गं गौरे." कट्टा होता, तिला हाताची गरज नव्हती, तरी हाक मारायची. वरून उत्तर यायचं, "आले गं." मग काकी खाली. दोघी कट्ट्याच्या सावलीला बसायच्या. काकीचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं. कडी लावायची सवय तिला त्या इमारतीतही लागली नाही, आणि हर्षला त्यावरून रोज चिडायची.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाला घेऊन गेटवर उभा होतो. लाइट गेली होती, लिफ्ट बंद, आणि गिऱ्हाईक सातव्यावर पायी चढायचं की नाही याचा विचार करत होतं. दत्ता खोपोलीला कामावर, हर्षला वर सातव्यावर. भागी वाडीवरच्या तीन बायकांबरोबर आली. डोक्यावर पाटी, त्यात झेंडू, आपट्याच्या डहाळ्या, लोंब्या, उद्याचा सगळा बाजार.

"हात लाव गं गौरे."

उत्तर आलं नाही. भागीनं पुन्हा हाक मारली. बरोबरच्या बाया म्हणाल्या, झोपली असेल, वर गेली असेल. भागी मान न हलवता तशीच उभी राहिली, ऐकत. मलाही तेव्हा ऐकू आलं, पण ती ऐकत होती म्हणून ऐकू आलं. खिडकीतून एक आवाज येत होता, अगदी बारीक. गौराकाकीचा आवाज इतका बारीक असू शकतो हे फक्त दोघांना माहीत होतं, एक मी आणि, बांधावरच्या त्या दिवसापासून, ती.

कट्टा तिच्यापासून हातभर होता. तिकडं वळायलाही ती थांबली नाही. भागीनं पाटी टाकली. आयुष्यभर चिखलात, उतारावर, तापात जपलेला भार तिनं डोक्यावरून सरळ रस्त्यावर टाकला आणि झेंडू डांबरावर गडगडत गेला. ती धुळीच्या पायांनी त्या चकचकीत जिन्यावरून धावत गेली. मी तिच्या मागं.

काकी मोरीपाशी पडली होती. खुबा मोडला होता हे तिच्या पायाकडं बघून मलाही कळलं. सकाळपासून ती तशीच पडून होती आणि हाका मारत होती. हर्षला वर होती, तिच्यापर्यंत त्या पोचणार कशा? मी अँब्युलन्सला फोन लावला, ती लवकर येईना म्हणून एक टेंपो थांबवला. बायकांनी काकीला हळूच गोधडीवर घेतलं. चार कोपरे, चार बाया. भागी डोक्याकडं. "हात लावा गं," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी एकदम उचललं. असा न हिंदकळणारा भार मी आजवर कोणाला नेताना पाहिला नाही.

जिन्याच्या वळणावर काकीनं डोळे उघडले. "भागे," ती म्हणाली, "आज मीच मोळी झाले गं."

"गप ऱ्हा," भागी म्हणाली. "मोळी बोलत नाय."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास तशीच पडून राहिली असती तर अवघड होतं. हर्षला आता रात्री खालीच झोपते. तिची आणि काकीची रोज भांडणं होतात, म्हणजे तब्येत सुधारते आहे. पण उठायचं म्हटलं की काकी कोणाला जवळ येऊ देत नाही. दत्ताला नाही, हर्षलाला नाही, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना तर नाहीच. जन्मभर दुसऱ्याला हात लावलेली बाई ती. स्वतःला कोणी हात लावलेला तिला सोसत नाही.

परवा मी तिला बघायला गेलो होतो. खाली गेटपाशी पाटी कट्ट्यावर टेकल्याचा आवाज आला. हाक आली नाही. थोड्या वेळानं लोटलेलं दार उघडलं आणि भागी आत आली, पाय न पुसता. ती पलंगापाशी गेली, पदर खोचला, वाकली.

"हात लावू का गं?"

काकीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. मग दोन्ही हात वर केले.

"लाव," ती म्हणाली.